फीट, मल्टिक्लास, फाशांचे स्टॅट्स: नवीन टेबलवर कुठले पर्यायी नियम चालू ठेवावेत?

आधी प्रश्न थोडक्यात. पाच खेळाडूंचा गट, डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, आणि प्रश्न विचारणारा पहिल्यांदाच डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, होतोय. पाचांतले दोघं याआधी कधीच खेळलेले नाहीत. उरलेल्या तिघांपैकी एकाला स्टॅट्स, म्हणजे ताकद, करिश्मा अशा सहा गुणांचे आकडे, फासे टाकूनच काढायचे आहेत, दुसरा वीस लेव्हलपर्यंतचा पॅलाडिन-वॉरलॉक बिल्ड, म्हणजे दोन क्लास (पात्राचे पेशे) जोडून केलेला मल्टिक्लास आराखडा, लिहूनच आलाय आणि तिसरीला वंशाचे बोनस हवे तिथे लावायची मुभा हवी आहे. प्रश्न असा: "यातलं काय चालू ठेवलं तर गेम बिघडणार नाही?"

मी तिसऱ्या आवृत्तीपासून टेबल चालवतेय. हे सगळे नियम मी कधी ना कधी चालू ठेवलेत आणि त्यातले काही मध्येच बंद करावे लागलेत. म्हणून आधी "बिघडणं" म्हणजे काय तेच नीट बघू.

नव्या डीएमला भीती असते ती पात्रं फार ताकदवान होतील आणि राक्षस फटाफट मरतील याची. ती भीती सोडून द्या. राक्षस तुमच्या हातात आहेत. दोन ओग्र कमी पडले तर तीन आणा, तिसरा दाराआडून आणा. जे तुमच्या हातात नाही ते वेगळंच आहे: एकाच टेबलवरच्या दोन पात्रांमधली दरी. ती रुंद झाली की राक्षस कुणाच्या मापाचा करायचा? ताकदवान पात्राच्या मापाचा केला तर त्याच्या शेजारचा दुसऱ्या फेरीत आडवा होतो. शेजारच्याच्या मापाचा केला तर ताकदवान पात्र एकटंच लढाई संपवतं आणि बाकीचे चौघे बघत बसतात. यावर राक्षस बदलणं हा उपायच नाही. म्हणून कुठलाही पर्यायी नियम समोर आला की मी एवढंच विचारते: हा नियम घेणारा आणि न घेणारा शेजारी-शेजारी बसले तर पाचव्या लेव्हलला दोघांचं काय होईल?

स्टॅट्सपासून सुरुवात करते, कारण दरी सगळ्यात आधी तिथेच पडते.

सहा बाजूंचे चार फासे टाकून सगळ्यात लहान काढून टाकायचा आणि बाकीच्यांची बेरीज घ्यायची, या पद्धतीची सरासरी १२.२४ येते. पुस्तकातला तयार संच म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८. त्याची सरासरी १२. म्हणजे सरासरीत जवळजवळ काहीच फरक नाही. फरक आहे तो पसरण्यात. सहा वेळा फासे टाकले तर निदान एक १८ येण्याची शक्यता साधारण नऊ टक्के, आणि निदान एक १६ किंवा त्याहून जास्त येण्याची सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास. उलट बाजूही तितकीच खरी, ती फक्त टाकताना कुणाच्या डोक्यात नसते. माझ्या एका टेबलवर एकाला १८, १६, १५, १४, १३, ११ आले आणि त्याच्या शेजारणीला १३, १२, ११, १०, ९, ८. मॉडिफायरची, म्हणजे स्टॅटमुळे फाशात मिळवायच्या किंवा वजा करायच्या आकड्यांची, बेरीज केली तर त्याच्याकडे अधिक बारा, तिच्याकडे शून्य. ती तेव्हा हसली आणि म्हणाली, "चालेल, मजा येईल." चौथ्या सेशनपासून तिने पाळी आली की "मी त्यालाच मदत करते" असं म्हणायला सुरुवात केली. मदत करणं चांगलंच, पण ती दुसरं काही करून बघतच नव्हती. आपण केलं तर बहुतेक फसेल हे तिला कळून चुकलं होतं.

पाचव्या आवृत्तीत हे जास्त का बोचतं, तर या आवृत्तीत आकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत. प्रोफिशिएन्सी बोनस, म्हणजे पात्राला येणाऱ्या कामात मिळणारा जादा आकडा, पहिल्या लेव्हलला +२, पाचव्याला +३, नवव्याला +४, आणि विसाव्याला जेमतेम +६. म्हणजे पहिल्याच दिवशी फाशांमुळे मॉडिफायरमध्ये दोनचा फरक पडला, तर तो आठ लेव्हल चढून मिळणाऱ्या वाढीइतका आहे. एखादं कॅम्पेन तेवढं चालतही नाही. तिसऱ्या आवृत्तीत फायटरचा हल्ल्याचा बोनस वीसपर्यंत चढायचा, तिथे असा फरक हळूहळू विरघळून जायचा. त्याच्याही मागे गेलं, तर १९७४च्या मूळ खेळात तीन फासे टाकून येईल ती बेरीज त्याच क्रमाने लिहायची पद्धत होती. ती कठोर वाटते, पण तेव्हा ताकद १८ असली तरी हल्ल्याला एक आकडासुद्धा जास्त मिळत नसे. फासे तेव्हाही लहरी होते, पण त्यांच्यावर अवलंबून फारच थोडं होतं. म्हणून "पूर्वी सगळे फासेच टाकायचे" हा युक्तिवाद तुमच्या गटातला मित्र करेल तेव्हा त्याला हे सांगा.

त्याला फासे टाकण्याचा आनंद हवाय, आणि तो आनंद खरा आहे. मी तो काढून घेत नाही. पाचही जणांना फासे टाकू द्या, प्रत्येकाने सहा आकड्यांचा एक संच काढायचा, पाचही संच मधोमध लिहायचे, आणि मग कुठलाही एक संच पाचही जणांसाठी खुला. कुणाला १८ असलेला पण ७ पण असलेला संच आवडेल, कुणाला सपाट संच आवडेल. एकाला १८ आला की पाचही जण ओरडतात, कारण तो सगळ्यांचा झालेला असतो. हे नको असेल तर पॉइंट बाय, म्हणजे २७ गुण खर्चून आकडे विकत घ्यायचे. तयार संचाची किंमतही बरोबर २७च भरते. नवीन दोघांना मात्र पॉइंट बायचं कोष्टक देऊ नका. त्यांना तयार संच द्या आणि सगळ्यात मोठा आकडा कुठे लावायचा तेवढं सांगा.

हिट पॉइंटचंही, म्हणजे पात्र किती मार झेलेल त्या आकड्याचंही, तेच. फासा टाकू नका, पुस्तकात दिलेला ठरावीक आकडा घ्या. फायटरला तो दर लेव्हलला ६ मिळतो, त्याच्या दहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेपाच असते. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

आता फीट, म्हणजे पात्राला मिळणारी जादा खास कौशल्यं. २०१४च्या पुस्तकात फीट आणि मल्टिक्लास दोन्ही सहाव्या प्रकरणात, डीएमच्या परवानगीने घ्यायचे नियम म्हणून आहेत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फीट मुख्य नियमांत होते, २०१४मध्ये पर्यायी झाले, २०२४च्या पुस्तकात पुन्हा मुख्य झाले. एकच नियम आत-बाहेर फिरतोय. तेव्हा "पर्यायी" या शब्दावरून तो चांगला की वाईट हे ठरवू नका.

फीट आकड्यांत काय करतात ते एका उदाहरणात बघा. पाचव्या लेव्हलची बार्बेरियन, ताकद १८, हातात ग्रेटस्वर्ड. हल्ल्याला +७, समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाने बोनससह गाठायचा आकडा, १५. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के, लागला तर सरासरी ११ नुकसान. दोन वार, म्हणजे फेरीला साधारण १४. आता तिच्याकडे ग्रेट वेपन मास्टर हा फीट आहे असं धरा. हल्ल्याला पाच वजा करायचे, नुकसानीत दहा मिळवायचे. शक्यता ४० टक्क्यांवर उतरते, पण लागला तर २१. फेरीला सुमारे १७. फार फरक नाही वाटत ना? पण बार्बेरियन रेकलेस अटॅक करते, म्हणजे तिला दोन फासे टाकून मोठा घेण्याचा अ‍ॅडव्हांटेज आहे. आता फीटशिवाय १९, फीटसह २७. रेजचा (संतापात मिळणारा) बोनस आणि क्रिटिकल (फाशावर वीस आला की होणारं जादा नुकसान) मी यात धरलेच नाहीत. ताकद १८ तशीच ठेवून हे तिला जमलं, कारण तिने व्हेरिअंट ह्यूमन, म्हणजे सुरुवातीलाच एक फीट मिळणारा मानव, निवडून तो फीट पहिल्याच लेव्हलला घेतला आणि चौथ्या लेव्हलची वाढ ताकदीत घातली. तिच्या शेजारी नवीन खेळाडूचा फायटर बसलाय, त्याने फीटचं प्रकरण उघडलेलंच नाही. त्याचं पात्र चुकीचं नाही, तो उत्तम खेळतोय, तरी प्रत्येक फेरीत त्याचा आकडा तिच्या जवळपास अर्धा येणार.

म्हणून फीट चालू किंवा बंद अशा दोनच टोकांत अडकू नका. माझ्या टेबलवर पहिल्या लेव्हलला प्रत्येकाला एक फीट फुकट मिळतो, आणि व्हेरिअंट ह्यूमन बंद. यादी लहान ठेवते: अलर्ट, हीलर, मॅजिक इनिशिएट, सॅव्हेज अटॅकर, स्किल्ड, टॅव्हर्न ब्रॉलर, टफ. हे सातही २०१४च्या पुस्तकात आहेत, आणि २०२४मध्ये पहिल्या लेव्हलचे म्हणून जे दहा निवडले गेले त्यांतही आहेत. लकी मी मुद्दाम काढला. २०१४चा लकी दर मोठ्या विश्रांतीला तीनदा फासा पुन्हा टाकू देतो आणि तो सगळ्याच पात्रांना चांगला असल्याने यादी वाचायची गरजच संपते. ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटर यांच्यातली वजा पाच, अधिक दहाची ओळ काढा. जड शस्त्रवाल्याला त्याजागी प्रत्येक लागलेल्या वारावर प्रोफिशिएन्सी बोनसइतकं जादा नुकसान द्या, २०२४च्या पुस्तकानेही साधारण तोच रस्ता धरलाय. तिरंदाजाला शार्पशूटरमधलं बाकीचं पुरतं. लांबचा नेम आणि आडोशामागचा नेम हेच मुळात मोठं बक्षीस आहे.

सगळ्यांना सारखं देणारे पर्यायी नियम सगळ्यात निर्धास्तपणे घ्यावेत. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत फ्री आर्किटाइप नावाचा असाच नियम आहे. दुसऱ्या लेव्हलपासून प्रत्येक सम लेव्हलला प्रत्येकाला एक जादा फीट, पण तो फक्त आर्किटाइपसाठीच, म्हणजे क्लासला जोडायच्या जादा छटेसाठीच, वापरायचा. त्याने पात्रं रुंद होतात, उंच फारशी होत नाहीत, आणि कुणी मागे राहत नाही. एवढी सुबक रचना मी फार थोड्या पर्यायी नियमांत पाहिली आहे.

मल्टिक्लासबद्दल मात्र जरा वेळ घेते, कारण तिथे धोका ज्याच्याकडून येईल असं वाटतं त्याच्याकडून सहसा येत नाही.

बिल्ड लिहून आणणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. प्रत्यक्षात मल्टिक्लासने बहुतेक पात्रं कमकुवत होतात, आणि ती करतात नवीन माणसं, अगदी चांगल्या कारणाने: "माझा सैनिक गावातल्या म्हातारीकडून जादू शिकलाय." असा एक खेळाडू माझ्याकडे होता. फायटर ३, विझर्ड २. एकूण पाचवी लेव्हल. एका सेशनमध्ये आम्ही एका पडक्या बुरुजात शिरलो होतो. पाचव्या लेव्हलच्या रेंजरने दोन वार केले. पाचव्या लेव्हलच्या सॉर्सररने फायरबॉल टाकला, आठ फासे खडखडले. मग याची पाळी. दोन वार नाहीत, कारण ते एकाच क्लासच्या पाचव्या लेव्हलला मिळतात. चौथ्या लेव्हलची स्टॅटवाढ नाही, कारण कुठल्याच क्लासमध्ये तो चौथ्याला पोचला नव्हता. मंत्र पहिल्या पातळीचे, त्यांचे तीन स्लॉट, म्हणजे विश्रांतीआधी मंत्र टाकायच्या तीन संधी. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला, मंत्रांच्या नावांवरून बोट फिरवलं. जवळजवळ मिनिटभराने म्हणाला, "मी ढालीमागे थांबतो." कुणी काही बोललं नाही. पुढच्या पाळीलाही तेच.

नियम सरळ आहे: जवळजवळ प्रत्येक क्लास पाचव्या लेव्हलला मोठी उडी घेतो. लढवय्यांना दुसरा वार, जादूगारांना तिसऱ्या पातळीचे मंत्र. त्याच्या आधी वाट बदलली तर तुमची उडी हुकते आणि बाकीचे पुढे निघून जातात. दुसऱ्या क्लासच्या मंत्रांचे स्लॉट एकत्र मोजले जातात, पण मंत्र मात्र त्या त्या क्लासच्या लेव्हलप्रमाणेच शिकता येतात. हे वाक्य पुस्तकात आहे आणि नवीन माणसाच्या नजरेतून ते हमखास सुटतं. पात्रतेची अट, म्हणजे दोन्ही क्लासच्या मुख्य स्टॅटमध्ये १३, ही यातून कुणालाही वाचवत नाही. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत माणसांना क्लास बदलायचा तर पहिल्या क्लासच्या मुख्य स्टॅटमध्ये १५ आणि नव्याच्या मुख्य स्टॅटमध्ये १७ लागायचे. ती भिंत होती. १३ म्हणजे उंबरठा.

म्हणून माझा नियम: एका क्लासमध्ये पाच लेव्हल पूर्ण झाल्याशिवाय दुसरा क्लास नाही. हा नियम बिल्डवाल्याला रोखण्यासाठी नाही, नवीन माणसाला सावरण्यासाठी आहे. बिल्डवाल्यालाही तो लागू होतो हा वरचा फायदा.

आता त्या बिल्डवाल्या मित्राबद्दल. पॅलाडिन-वॉरलॉक, आणि त्यात २०१७च्या पुस्तकातला हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा प्रकार असणार हे जवळपास नक्की. वॉरलॉकची एक लेव्हल घेतली की तो तलवारही करिश्म्याने चालवतो. स्मायटला, म्हणजे स्लॉट खर्चून वाराचं नुकसान वाढवायला, लागणारे जादा स्लॉट वॉरलॉककडून छोट्या विश्रांतीत परत मिळतात. पॅलाडिनच्या सहाव्या लेव्हलला त्याचा करिश्मा आसपासच्या सगळ्यांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे संकटातून वाचण्याच्या फाशात, मिळतो. एकाच स्टॅटवर वार, मंत्र, बोलणं आणि बचाव. या बिल्डची दरी नुकसानीच्या आकड्यांत दिसतेच, पण त्याहून जास्त ती दुसरीकडे दिसते. तुमच्या गटात करिश्म्यावरच चालणारा बार्ड किंवा सॉर्सरर आहे का? असेल तर राजाशी बोलायला उठायची ती त्या माणसाची जागा होती, आणि आता तिथे चिलखतातला एकजण तितक्याच मोठ्या बोनसने उभा आहे. प्रत्येक पात्राची एखादी तरी गोष्ट अशी हवी की ती आली की सगळे त्याच्याकडे वळून बघतील. पर्यायी नियम तपासताना नुकसान मोजून झालं की हेही बघा.

त्याला नाही म्हणू नका. वीस लेव्हलचा आराखडा करणारा खेळाडू तुमच्या खेळावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करतोय, खेळ नसतानाही. त्याला सांगा की पाच लेव्हल पॅलाडिन, मग हवं तर वॉरलॉक, आणि ज्याच्याशी करार करायचा त्याची गाठ दोघांनी मिळून आधीच्या सेशनमध्ये घालून द्यायची. आणखी एक काम त्याला द्या: नवीन दोघांची पात्रं त्यांच्या शेजारी बसून बनवायची, पण निवड त्यांची. ज्याला नियम येतात त्याच्यामुळे दरी भरूनही निघते, हे मी वारंवार पाहिलंय.

तिसरीची मागणी, २०२०च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकातली, सगळ्यात सोपी. वंशाचे बोनस हवे तिथे लावू द्या, सगळ्यांनाच. त्याने हाफ-ऑर्क विझर्ड किंवा नोम बार्बेरियन बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी दंड बसत नाही, म्हणजे दरी कमी होते. एकच जागा लक्षात ठेवा: माउंटन ड्वार्फला दोन ठिकाणी +२ मिळतात आणि वर मध्यम चिलखतही, त्यामुळे ड्वार्फ विझर्ड अचानक फार घट्ट होतो. मला त्याचा कधी त्रास झालेला नाही. दोघांनी एकदम तसाच बनवला तर मात्र बोला.

कुणी दोष घेऊन गुण मिळवायचा नियम मागेल, तोही आत्ताच सांगून ठेवते. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात, २००४च्या अनअर्थ्ड आर्काना या पुस्तकात, एक दोष घ्या आणि एक जादा फीट मिळवा असा नियम होता. त्यातला एक दोष जवळच्या हल्ल्याला −२ देतो. तो कोण घेणार? तिरंदाज. कधीच तलवार न उचलणारा. किंमत त्याने कधी दिलीच नाही, फीट मात्र रोज वापरला. दोष हवेत, जरूर हवेत, पण मोबदला तो दोष टेबलवर नडेल त्या क्षणी द्या. फेट या खेळात तो फेट पॉइंटने मिळतो, पाचव्या आवृत्तीत तुमच्याकडे इन्स्पिरेशन, म्हणजे बक्षीस म्हणून दोन फासे टाकून मोठा घेण्याची मुभा, आहेच. भित्र्या चोराने खरोखर पळ काढला आणि मित्र अडचणीत आले, की तिथेच द्या.

सगळ्यात उपयोगी पर्यायी नियम तुमच्या यादीत नव्हता, तो मी घालते: पाचवी लेव्हल संपेपर्यंत कुणीही दोन सेशनच्या मधल्या वेळात आपलं पात्र नव्याने बांधू शकतो. नाव, चेहरा, गोष्ट, मिळवलेल्या वस्तू तशाच. क्लास, फीट, मंत्र हवे तसे बदलायचे. कारण विचारायचं नाही. कागदावर जे छान वाटतं ते टेबलवर कसं लागतं हे नवीन माणसाला कळायला चार-सहा सेशन लागतात, आणि तोवर त्याला पहिल्या दिवशीच्या निवडीत बांधून ठेवणं अन्याय आहे. जुन्या खेळाडूंनाही हा नियम लागू ठेवा. हे सगळं पहिल्या सेशनच्या आधी एका पानावर लिहून पाचही जणांना पाठवा, नंतर तोंडी सवलती देऊ नका.

ढालीमागे थांबणाऱ्या त्या खेळाडूला मी हेच सांगितलं. आम्ही दोघांनी अर्धा तास बसून त्याचा सैनिक पाचव्या लेव्हलचा फायटर केला, एल्ड्रिच नाइट या जादू येणाऱ्या प्रकारचा. म्हातारीकडून शिकलेली जादू तशीच राहिली. स्लॉट पूर्वीइतकेच, पहिल्या पातळीचे तीन. पण आता दोन वार होते आणि चौथ्या लेव्हलची वाढही. पुढच्या सेशनला बुरुजाच्या वरच्या मजल्यावर एका गार्गॉइलने त्याच्यावर झेप घेतली तेव्हा त्याने माझा फासा थांबायच्या आत "शील्ड!" असा बचावाचा मंत्र म्हणत हात वर केला, वार परतवला, आणि पाळी आल्यावर दोन वार केले. कागदाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.